पाळीवर कोणी नव्हतं

१ जानेवारी. लाखोरीची भाजी खुडून आणली होती आणि अंगणात बसून निवडत होते. आमच्याकडे धान उभं असतानाच बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, लाखोरीची डाळ पेरतात. जानेवारीत तिचे कोवळे शेंडे खुडायचे, वाळवायचे आणि वर्षभर पुरवायचे. काम कंटाळवाणं आहे. त्यामुळे धाकट्या जावेला हाक मारली. आमच्या चुली वेगळ्या, अंगण एक.

तेवढ्यात मुलीचा पुण्याहून फोन आला. नव्या वर्षात काय ठरवलंस, असं विचारत होती. तिच्या ऑफिसात सगळ्यांनी काही ना काही ठरवलं होतं. मी म्हटलं, भाजी निवडायचं ठरवलंय. ती हसली, पण फोन ठेवल्यावर मला वाटलं, ठरवायला काय हरकत आहे. जावेला मोठ्यानं सांगितलं. गुडघा भंडाऱ्याला नेऊन दाखवायचा. एकदा वनस्पती उद्यान बघायचं. आणि यंदा आपल्या तलावातलं देवधान तोडायचं.

उद्यानाची गोष्ट मुलीनंच डोक्यात घातली होती. नागपूरच्या बाजूला एक आहे, तिथे पाण्यातल्या वनस्पती सिमेंटच्या टाक्यांत लावल्या आहेत, असं ती म्हणाली होती. आमच्या तलावात आम्ही जे दोन वर्षं चिखलात उभं राहून करत होतो, ते दुसरीकडे कसं करतात ते मला बघायचं होतं.

जावेला तिचं विचारलं. ती म्हणाली, "माहं काही नाही जी बाई. तुमाले बाग दाखवीन, हेच माहं."

मला बरं वाटलं.

आता तलावाचं सांगते. साकोलीच्या अलीकडे रस्ता सोडून आत गेलं की आमचं गाव, आणि गावाला लागून तलाव. आम्ही पिढ्यान् पिढ्या मासे धरणारे. तलावाच्या एका कोपऱ्यात बेशरमाची झुडपं माजली होती. बचत गटातल्या आम्ही बायकांनी ती उपटली आणि तिथे कमळाचे कांदे लावले, तळाशी वाढणारं गवत लावलं, देवधान लावलं. देवधान म्हणजे पाण्यात आपोआप उगवणारा भात. त्याला नांगर लागत नाही, म्हणून ऋषिपंचमीच्या उपासाला तोच चालतो. माझ्या सासूच्या काळात आमच्या तलावात तो भरपूर होता. मी लग्न होऊन आले तेव्हापासून आम्ही तो दुसऱ्या गावाहून विकत आणत होतो. गेल्या हंगामात आमच्या देवधानानं पहिल्यांदा दाणा धरला. आम्ही एक लोंबी तोडली नाही. सगळं पाण्यात गळू दिलं, म्हणजे पुढच्या वेळी दाट येईल. त्या कोपऱ्यात शिंगूर आणि मरळ परत दिसायला लागले होते, कारण माशाला अंडी घालायला आडोसा लागतो.

गावच्या मच्छीमार संस्थेला हे पटत नव्हतं. त्यांना मोठ्या माशांचं बी सोडायचं होतं आणि ओढायचं जाळं आमच्या कोपऱ्यात अडकत होतं. संस्थेचा अध्यक्ष माझा दीर, याच जावेचा नवरा. पण आमच्या गावात एक रीत आहे. तलावात कुठलंही काम काढायचं असेल तर सकाळी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभं राहून हाक द्यावी लागते की अमुक काम आहे, कोणाला काही म्हणायचं असेल तर यावं. जो येईल त्याचं ऐकावं लागतं. त्याचं समाधान होईस्तोवर कोणी पाण्यात उतरत नाही. जो येणार नाही, त्याचा होकार धरतात. कोपरा साफ करायला दिरानं दोनदा हाक दिली होती. दोन्ही वेळा मी गेले, गटातल्या बायका गेल्या, आणि काम थांबलं. दुसऱ्या वेळी तर माझी चुलतसासू सकाळपासून जेवायच्या वेळेपर्यंत पाळीवर बसून राहिली. मध्येमध्ये ती नुसती "नाही" म्हणायची.

तर जाव खरंच कामाला लागली. तिच्या भावाची साकोलीला गाडी आहे, ती तिनं ठरवली. येणारा रविवार धरला. मी म्हटलं, पुढचा धरू, लाखोरी अजून अर्धी शेतात आहे. ती ऐकेना. भावाची गाडी याच रविवारी मोकळी आहे म्हणाली. गटातल्या सगळ्यांना तिनं घरोघर जाऊन सांगितलं. चुलतसासूला गाडी लागते, ती कुठेच जात नाही. तिला तिनं ओकारीची गोळी आणून दिली, खिडकीची जागा दिली आणि जवळजवळ उचलूनच बसवलं. म्हातारी म्हणत होती, "मले झाडं पाहाले नागपूरले काहून नेऊन राहिल्या? माह्या घरामागं कमी हायेत का?" सगळ्या हसल्या. मीही हसले.

गोळीचा काही उपयोग झाला नाही. भंडारा येईपर्यंत म्हातारीनं दोनदा गाडी थांबवायला लावली.

उद्यान चांगलं होतं. नीट, स्वच्छ, प्रत्येक झाडाला पाटी. निवडुंगांसाठी काचेचं घर केलं होतं. तिथे मला फार वेळ घालवावासा वाटला नाही. बांबूचे मात्र इतके प्रकार होते की बायका टोपलीला कुठला बरा यावर भांडायला लागल्या. मग पाण्याच्या टाक्या आल्या. कमळं थंडीनं झोपली होती, पण एका टाकीत देवधानाचं थोंब, दाट झुबका, उभं होतं. ओळखायला मला वेळ लागला नाही. आमच्या देवधानापेक्षा बारीक होतं. त्यांनी तळाला वाळू जास्त घातली होती, ते मी लक्षात ठेवलं. आम्ही तिथे उभं राहून फोटो काढले. चुलतसासूनं टाकीत हात घातला आणि पहारेकरी ओरडला.

जावेचा फोन सारखा वाजत होता. दरवेळी ती बांबूच्या पलीकडे जाऊन बोलत होती. कोणाचा म्हणून विचारलं तर म्हणाली, माहेरचा. जेवणं झाल्यावर मी निघायचं म्हटलं, तर तिला फुलपाखरांचा भाग परत बघायचा होता. तिथून निघालो तर तिला रोपांच्या विक्रीत शिरायचं होतं. तिनं कमळाचं एक रोप घेतलं, प्लास्टिकच्या कुंडीतलं, आणि माझ्या हातात दिलं.

"हे तुमाले, बाई. घरी टपात लावा. कोनाचा काही तरास नाही."

तेव्हा मला ते वाक्य विचित्र वाटलं नाही. परतीच्या वाटेवर मी ती कुंडी मांडीवर धरली होती, पाणी सांडू नये म्हणून.

गावाकडे वळलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. पाळीच्या रस्त्यावर जेसीबीच्या चाकांचे ताजे वण होते. चुलतसासूनं ते माझ्या आधी पाहिले, कारण ती खिडकीत होती. ती फक्त गाडी थांबवा म्हणाली. आम्हाला वाटलं, तिला परत उलटी होतेय.

आमचा कोपरा गेला होता. पाणी चहासारखं गढूळ होतं आणि पाळीवर काळ्या गाळाचा ढीग पडला होता, मुळं वर, पानं खाली. दिरानं सकाळी हाक दिली होती. रीतीप्रमाणे, नीट, मोठ्यानं. पाळीवर कोणी आलं नाही. कोणी येणारच नव्हतं, आम्ही सगळ्या नागपूरला देवधानाबरोबर फोटो काढत होतो.

बायका दिराच्या नावानं बोलायला लागल्या. मी जावेकडे बघत होते. ती गाडीतून उतरली नव्हती. मी जवळ गेले.

"तुले माहीत होतं?"

तिनं मान खाली घातली नाही, हे मला सांगायला हवं. ती म्हणाली, "होतं."

"मंग काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं त तुमी आल्या असत्या का?"

मग तिचं बाकीचं आलं. नवऱ्याला संस्थेतले लोक टोचतात की घरातल्या बाया तुला विचारत नाहीत. तो घरी येऊन तिच्यावर राग काढतो. तिला त्याच घरात राहायचं आहे. हे सगळं खरं असेल. मी ऐकून घेतलं. पण ती गेल्या थंडीत माझ्या बाजूला कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. कांद्याला दगड कसा बांधायचा हे मी तिला शिकवलं होतं. आणि नव्या वर्षात तुला काय करायचंय असं मी तिला विचारलं, तेव्हा तिनं माझ्याच अंगणात, माझीच भाजी निवडताना, माझ्या तीन गोष्टींतली एक उचलली आणि ती दुसरी मोडायला वापरली. नवऱ्यानं सांगितलं म्हणून गप्प बसणं मी समजू शकते. म्हातारीला गोळी आणून देणं मला समजत नाही.

"नवं कमळ देल्लं ना तुमाले," ती म्हणाली.

घरी येऊन लाखोरीवरचं कापड काढलं. भाजी अर्धवट वाळली होती, ती हलवून ठेवली.

सोमवारी सकाळी दीर माशांचं बी आणायला पहिल्या गाडीनं साकोलीला गेला. तो जाईस्तोवर मी थांबले. मग प्लास्टिकची कुंडी उचलली, जावेच्या ओट्यावर ठेवली आणि घमेलं घेऊन पाळीवर गेले. ढिगातला वरचा गाळ थंडीनं कडक झाला होता, आत ओला होता. हातानं उकरून कांदे वेगळे काढले. देवधानाची थोंबं मुळासकट सापडली. गळलेले दाणे त्याच गाळात असणार, म्हणून गाळही भरून घेतला. चुलतसासू काठी टेकत आली आणि तिच्या नेहमीच्या जागी बसली.

मग मी पाळीवर उभी राहिले आणि हाक दिली.

"आज या कोपऱ्यात देवधान लावनं हाय. कोनाले काही म्हनाचं असन त यावं."

आमच्या घरांची दारं पाळीवरून दिसतात. जाव अंगण झाडत होती. तिचा खराटा थांबला. ती माझ्याकडे बघत उभी राहिली. तिला यायचं असतं तर चार पावलांचा रस्ता होता. मी दुसऱ्यांदा हाक दिली, तशी ती खराटा भिंतीला लावून आत गेली.

जितका वेळ थांबायची रीत आहे तितका मी थांबले. कोणी आलं नाही. साडी वर खोचली, गुडघ्याला फडकं बांधलं आणि घमेलं घेऊन पाण्यात उतरले.