वाडगी द्यायचा दिवस

आमच्या रोममध्ये न्याय सगळ्यांना मिळतो. फक्त तो कोणत्या दिवशी मिळतो, हे पुरोहितांना विचारावं लागतं. पुरोहित सगळे कुलीन घराण्यांतले. दिवसांची यादी त्यांच्या डोक्यात, आणि ते डोकं काही चौकात टांगून ठेवता येत नाही. माझ्या सासऱ्यांना, नुमेरियस कुंभारांना, हे उमजायला जवळजवळ दोन वर्षं लागली.

शेजारच्या आउलस फोलियसने त्यांच्या मातीच्या खाणीकडे जाणारी वाट कुंपण घालून बंद केली. वाट सासऱ्यांच्या आजोबांपासूनची. पण फोलियस कुलीन आणि आम्ही चिखलातले. दोन वर्षांत न्यायसभेपुढे हरकत घेतली नाही, तर जागा दाबणाऱ्याची होते. म्हणून सासरे चौकात गेले.

"आज नाही," पुरोहित म्हणाले. "आज देवांचा दिवस."

पुढच्या खेपेला पितरांचा दिवस निघाला. त्याच्या पुढच्या खेपेला सभा अर्धा दिवसच होती, आणि तो अर्धा नुकताच उलटला होता. हे पुरोहित फोलियसचे सख्खे मेहुणे, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. तरी सासरे त्यांनाच विचारायला जायचे, आणि जाताना एक नवा गडू न्यायचे.

"त्यांच्या घरात आता पाण्यापेक्षा गडू जास्त झाले असतील," सासूबाई म्हणायच्या.

"देवाच्या माणसाशी वाकडं कशाला?"

"वाकडं नको हो. पण सरळ तरी किती वेळा जायचं?"

मुदतीचे नऊ दिवस उरले तेव्हा पुरोहित म्हणाले, "अरे, सभा काल होती की. आला नाहीस?"

त्या दिवशी सासरे पेज न खाताच चाकापाशी बसले, आणि चाकाला हातही लावला नाही.

तीन दिवसांवर देवीची पूजा आली होती. पूजेला मातीची कोरी वाडगी लागतात. तांब्याची चालत नाहीत, वापरलेली तर नाहीतच. मी सगळ्या कुंभारांकडे फिरून आलो. एरवी एकमेकांच्या भट्टीला नावं ठेवणारी ही मंडळी यावेळी लगेच कबूल झाली. चौकातून हात हलवत परतलेला एकेक जण प्रत्येक घरात होताच.

पूजेच्या आदल्या दिवशी पुरोहित स्वतः आले, वस्त्र चिखलापासून उचलून धरत.

"नुमेरियस, वाडगी?"

"आज द्यायचा दिवस नाही, महाराज."

"मागे रचलेली दिसतायत की."

"दिसतायत ना. भाजूनही झालीत. पण दिवस नाही."

"मग कधी आहे?"

"ते आम्हा कुंभारांना कळतं. विचारत चला अधूनमधून."

पुरोहित माझ्याकडे वळले. "जावई, समजाव जरा यांना."

"मी घरजावई आहे महाराज. इथलं कुत्रंसुद्धा माझं ऐकत नाही."

ते रचलेली वाडगी मोजू लागले. मग, जणू आत्ताच आठवलं असं दाखवत, म्हणाले की उद्या सकाळी सभा आहे. "वाडगी उद्या दुपारी," सासरे म्हणाले. पूजा उद्याच संध्याकाळी होती. देवीने चालवून घेतलं.

सासऱ्यांची हरकत नोंदली गेली, आणि फोलियसची दोन वर्षं मोडली. निकाल मात्र पुढच्या सभेत, आणि ती कधी, हे पुरोहितांना आठवत नाहीये. कुंपण तिथेच आहे. माती टेकडीला वळसा घालून आणावी लागते, आणि घरजावई असल्यामुळे ती मी आणतो.