शैलाबाईंचा विक्रम एकदाचा मोडला

शैलाबाई माळी यांची आणि माझी पहिली भेट नळदुर्गच्या आमच्या शाळेच्या मैदानावर झाली. मी मराठीचा नवखा शिक्षक. आवाज खणखणीत, म्हणून जिल्हा स्पर्धेचा माईक माझ्या हाती आला होता. मुलींच्या आठशे मीटरआधी मी रिवाजाप्रमाणे जाहीर केलं, की या शर्यतीचा जिल्हा विक्रम शैलाबाईंच्या नावावर असून तो आजही अबाधित आहे. टाळ्या पडल्या. बाई मात्र तरातरा माझ्याकडे आल्या. "सर, तेवढं सोडून काय बी बोला. पोरी पळायच्या आधीच हरत्यात."

मला तो विनय वाटला. मोठ्या माणसांना असं बोलावंच लागतं, अशी तेव्हा माझी समजूत होती.

बाईंची कीर्ती होतीच तशी. आठशे आणि पंधराशे मीटरमध्ये त्यांनी राष्ट्रीय पदकं मिळवली, देशाबाहेर जाऊन धावल्या. आजही आमच्या भागात एखादी मुलगी गल्लीतून पळत गेली, की ओट्यावरची म्हातारी हटकते, "मोठी शैला माळी लागून गेलीस व्हय गं?" या म्हाताऱ्यांपैकी कुणी बाईंना धावताना पाहिलेलं नाही.

पुण्यात चांगली नोकरी मिळत असताना बाई इथंच क्रीडाशिक्षिका झाल्या. मुलींना पहाटे मैदानावर आणणं हे शर्यत जिंकण्याहून अवघड. जळकोटच्या निकिताची आई म्हणाली, "ही आली तर शेण कोण काढंल, बाई?" बाईंनी पदर खोचला आणि सगळा गोठा साफ केला. दुसऱ्या दिवशीही त्या हजर. शेवटी आईनंच ओशाळून मुलीला धाडलं. आमच्या शिक्षकांच्या खोलीत यावर पुष्कळ हशा झाला, आणि सर्वांत मोठ्यानं बाईच हसल्या.

एका गोष्टीवर मात्र त्यांना हसू येत नसे. विक्रम टिकला याचा जिल्ह्याला अभिमान होता आणि बाईंना धास्ती. चांगल्या चांगल्या मुली दुसऱ्या फेरीत ढेपाळत. "माझं नाव ह्यांच्या उरावर बसलंय, सर," असं त्या एकदा म्हणाल्या. विनय नव्हता तो, हे मला तेव्हा कळलं. विक्रमाची ती ओळ गाळू म्हटलं, तर संयोजक काही ऐकेनात. जिल्ह्याची शान आहे, वाचलीच पाहिजे.

गेल्या हिवाळ्यात मी संयोजकांना न जुमानता ती ओळ गाळली. निकिता पहिल्या फेरीपासून पुढं होती आणि शेवटपर्यंत पुढंच राहिली. तिची वेळ वाचताना धाप मलाच लागली. विक्रम मोडला होता. सगळे बाईंकडे पाहू लागले. एक-दोघे तर सांत्वनाला निघालेसुद्धा.

बाई मातीतच पाय पसरून बसल्या आणि म्हणाल्या, "सुटले गं बया."

निकिता घाबरत जवळ आली. "बाई, तुमाला वाईट न्हाय ना वाटलं?"

"येडे, लई वर्सांनी पाय हलके झालेत."

तेवढ्यात संयोजकांनी पुढच्या वर्षापासून शर्यतीआधी वाचायची निकिताच्या नावाची नवी घोषणा मला सांगितली. बाईंनी बसल्या जागेवरून हात वर केला. "हिचं बी वाचायचं न्हाय. माझं झालं तेवढं बास."

बाईंनी आता साठी पार केली आहे. आम्ही सारे त्यांना उत्तम आरोग्य चिंतितो. आयुष्यही त्यांना भरपूर लाभो. निकिताचाही विक्रम मोडणारी मुलगी त्यांना याचि डोळा दिसो, आणि त्या दिवशी निकिताला शेजारी बसवून घ्यायला त्या मैदानावर असोत.