ज्या चित्रात कुणाला दात दिसले नाहीत

गल्लीत त्याला सगळे बत्तिशी म्हणत. खरं नाव होतं की, पण ते फक्त वीजबिलावर यायचं. तीस वर्षं जो माणूस एका दंतवैद्याच्या मागच्या खोलीत बसून कवळ्या बनवतो, त्याला लोक दुसरं काय म्हणणार? मेणाच्या हिरड्यांवर एकेक दात बसवायचा, सगळं प्लास्टरच्या साच्यात घालायचं आणि शेवटी साचा फोडून तयार कवळी अलगद बाहेर काढायची. फोडताना कवळीवर साधा ओरखडासुद्धा येऊ द्यायचा नाही, ही त्याची ख्याती. निम्मं गाव माझ्या दातांनी जेवतं, असं तो म्हणायचा, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

अशा माणसाला पंचावन्नाव्या वर्षी अमूर्त चित्रं काढायची हुक्की यावी! त्याचं असं झालं, एकदा कामाच्या टेबलावर उरलेलं प्लास्टर सांडून सुकलं. त्यात जाळीच्या कापडाचा तुकडा आणि थोडं गुलाबी मेण अडकलं होतं. बत्तिशी त्याच्याकडे दहा मिनिटं बघत बसला. तीस वर्षांत त्याच्या हातून एकही वस्तू अशी झाली नव्हती, जी कुणाच्या तरी तोंडात नीट बसायची नव्हती. ही कुठेच बसायची नव्हती. त्याला भारी आनंद झाला. चोरीचा माल न्यावा तसा तो तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून त्याने घरी नेला.

मग काय, जेवणाचं टेबल गेलंच. फळी, गोंद, प्लास्टर, गोणपाट, तारा, फाटके कागद, भिंतीच्या रंगाचे उरलेले डबे. दवाखाना बुधवारी दुपारी बंद, म्हणून बुधवारची दुपार चित्राची. बायको, आई आणि तो, तिघंही जेवायची ताटं मांडीवर घेऊन.

"अहो, लोकांच्या घरी टेबलावर जेवतात," बायको म्हणायची.

"कलेसाठी थोडं सोसावं लागतं."

"सोसतेय मीच की!"

तेही चाललं असतं. पण दुखणं वेगळंच होतं. बत्तिशीने काहीही काढलं तरी लोकांना त्यात दात दिसायचे. शेजारचे विमावाले संध्याकाळी डोकावायचे, मान तिरकी करून बघायचे आणि म्हणायचे, "वा! ही दाढ झकास आलीय." त्याने दाढ काढलेली नसायची, ढग असायचा, खरं तर ढगही नसायचा. पांढरं नकोच म्हणून एकदा त्याने अख्खं चित्र काळ्या-करड्या रंगात केलं. विमावाले हळहळले. "अरेरे, किडले की हो सगळे!"

वाचनालयात दरवर्षी हौशी चित्रकारांचं प्रदर्शन भरायचं. गेल्या वर्षी ग्रंथपाल बाईंनी त्याचं चित्र बघितलं आणि गोड हसून सांगितलं, "हे आपण दंतआरोग्य सप्ताहात लावू." बत्तिशी दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने जाहीर केलं, पुढच्या वर्षी एक चित्र असं काढीन की त्यात कुणाला दात दिसणार नाहीत. नाही जमलं तर रंगाचे डबे भंगारात आणि टेबल परत. बायकोने हे लगेच कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

यंदा प्रदर्शनाला चारच दिवस उरले होते. तो बुधवार. बत्तिशीच्या अंगात वारं शिरलं होतं. ओल्या प्लास्टरमध्ये हाताला येईल ते दाबत होता: दोरा, पुठ्ठा, चुरगळलेला कागद, टेबलाच्या कडेला पडलेला कापडाचा बोळा. बोळ्याला चुण्या अशा काही पडल्या होत्या की तो खूष झाला. वरून प्लास्टर, त्यावर निळा, कडेने थोडा गेरू. संध्याकाळी हात धुताना तो चक्क शीळ घालत होता.

त्याच संध्याकाळी आईची कवळी हरवली.

आईचं वय ब्याऐंशी. कवळी बत्तिशीनेच चौदा वर्षांपूर्वी बनवलेली. जेवण झालं की ती काढून ठेवायची आणि चहाला पुन्हा लावायची. दात नसताना आई कुणासमोर तोंड उघडायची नाही. घर उलथंपालथं झालं. बायको पलंगाखाली शिरली, बत्तिशीने कचऱ्याचा डबा उपसला.

"शापडेल रे, जाते कुठे," आई तोंडावर हात धरून म्हणाली.

"नवी करून देतो, आठवड्यात!"

"नको. जिभेला हिचीच शवय आहे."

गुरुवारी चित्र निवडायला ग्रंथपाल बाई घरी आल्या. चित्रासमोर पाच मिनिटं उभ्या राहिल्या. विमावालेही मान तिरकी करून उभे.

"यात काय आहे, ते काही मला कळत नाही," बाई शेवटी म्हणाल्या. "पण नजर हटत नाही. दारासमोरच्या भिंतीवर लावू."

विमावाल्यांनी मान दोन्ही बाजूंनी तिरकी करून बघितली आणि हार मानली. "नाही बुवा. दात नाहीत." बत्तिशीला त्यांना मिठी मारावीशी वाटली. कोपऱ्यातल्या खुर्चीत आई पदराआडून दुधात भिजवलेला पाव चमच्याने खात होती. तिचे डोळे हसत होते.

शनिवारी दुपारी सही करायला तो खाली वाकला. कोपऱ्यात निळ्या रंगाखालून कापडाचं टोक डोकावत होतं. त्यावर हिरव्या दोऱ्याने भरलेलं एक पान. बत्तिशीचा ब्रश हातातच राहिला. असलं पान जगात एकाच माणसाच्या रुमालावर असायचं, आणि त्या रुमालात ते माणूस जेवल्यावर काय बांधून ठेवायचं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

"आई! तुझे दात..."

"दिशलं वाटतं एकदाचं," आई म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"बुधवारपाशून."

"मग बोलली का नाहीस? तीन दिवस दूध-पाव खातेयस!"

आईने तोंडावरचा हात काढला. बोळक्या तोंडाने, एकेक शब्द जपून ती बोलली, "अरे, दोन वर्षं लोक तुला दात, दात करून चिडवतात. यात खरेच दात होते, आणि एकालाही कळलं नाही. मग मीच कशाला चहाडी करू? उद्या लाव तू चित्र. मी घरी बशते."

बत्तिशीला रडू आलं आणि हसूही आलं, दोन्ही एकदम. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलणार कुणाला? हे एकच चित्र त्याला हवं तसं जमलं होतं. आणि ते बघायला आई येणार नव्हती, म्हणजे ते न जमल्यासारखंच होतं.

त्याने कामाच्या पिशवीतून लहान करवत आणि चाकू काढला.

"अहो, फोडताय?" बायको पुढे आली. टेबल परत मिळावं म्हणून वर्षभर दिवस मोजणारी बाई, तिने त्याचा हातच धरला. "चार दिवस थांबा ना. इतकं छान झालंय."

"साचा फोडायचंच तर काम माझं," तो म्हणाला. "तीस वर्षं दुसरं काय करतोय?"

त्याने करवत लावली. कडेने चीर दिली, चाकूचं टोक घालून हलकेच उचकटलं. निळं प्लास्टर मुठीएवढं सुटून आलं. आत रुमाल, रुमालात कवळी, एक ओरखडा नाही. त्याने ती तीनदा धुतली. आईने लावली, जीभ फिरवून बघितली आणि पहिलं वाक्य बोलली, "आता काहीतरी चावायला द्या."

चित्राच्या त्या कोपऱ्यात मात्र भगदाड पडलं. आत रुमालाच्या चुण्यांचे ठसे, पांढरेशुभ्र. बत्तिशीने भरायला प्लास्टर कालवलं, मग बघत बसला आणि ते तसंच टाकून दिलं.

रविवारी चित्र दारासमोर लागलं. गर्दी बऱ्यापैकी होती. भोकाशी लोक थांबत. कुणी म्हणे गुहा, कुणी म्हणे घरटं. ग्रंथपाल बाईंनी दोनदा चष्मा पुसला आणि म्हणाल्या, आधीपेक्षाही बरं झालंय. विमावाले बोट नाचवत आले.

"थांबा, थांबा! या भोकात मला दिसतायत बरं का..."

आई चित्राच्या शेजारी खुर्ची टाकून सकाळपासून बसली होती, ठेवणीतले कपडे घालून.

"नीट बघा," ती म्हणाली. "यात दात नाहीत. आता नाहीत."

आणि मुलाने केलेली अख्खी बत्तिशी दाखवून ती हसली.