चपलांचा नियम

घाटकोपरला आमच्या सोसायटीच्या कॅरमच्या खोलीत रविवारी दुपारी आम्ही चौघे एक अमेरिकन खेळ खेळायचो. कागदावर आपापला वीर लिहायचा, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी पुजारी, आणि फासे टाकून राक्षसांशी लढायचं. नियमांच्या पुस्तकाची पुसट झेरॉक्स होती. अडलं की अर्थ आमच्यातला एक जण लावायचा. तो मालवणचा, टेलिफोन खात्यातला, विचार करताना नखाने टेबल खरवडणारा.

एकच वीर मांत्रिक आणि पुजारी दोन्ही असला, तर त्याच्या विद्या एकत्र मोजायच्या का, यावरून एकदा आमचं वाजलं.

"वेगळ्या," तो म्हणाला. "मंतर तू पाठ केलास, तो तुझा. गाऱ्हाणं देवाला घालायचं, त्याने ऐकलं तर ऐकलं. दोन्ही एकत्र कसं करशील रे?"

त्याचा वीर तसाच दुहेरी होता. मंत्र टाकताना तो पाय पसरून चहा पीत असे. गाऱ्हाण्याची पाळी आली की मात्र उठून दाराशी चपला काढून यायचा आणि मगच फासा टाकायचा. आम्ही हसायचो. तो हसत नसे, रागावतही नसे.

एका रविवारी त्याचा वीर मरायला टेकला, आणि वाचवू शकणारा पुजारी फक्त माझा उरला. मी फासा उचलला. त्याने टेबलाखाली पाहिलं.

"चपला," तो म्हणाला.

"पुस्तकात कुठेय हे?"

"पुस्तकात नाय."

या वेळी कोणी हसलं नाही. मी दाराशी जाऊन चपला काढल्या. परत येऊन बसलो, तर फासा टाकायची मला भीती वाटली.