सासूबाईंचा लेप आणि कांताबाईचा पाय

आज सकाळी शेजारची कांताबाई लंगडत आमच्याकडे आली. पाय मुरगळून घोटा टम्म सुजला होता, आणि दुपारीच तिची ऊसतोडीची गाडी आमच्या खर्ड्याहून निघणार होती.

सासूबाईंनी आंबेहळद आणि रक्तबोळ उगाळून गरम लेप लावला, वर फडकं बांधलं. मग म्हणाल्या, "ह्यानं ठणका कमी व्हईल. पर पाय टेकवू नको. आधी दवाखान्यात हाडाचा फोटो काढ."

"ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडीच लागती, आत्या," कांताबाई म्हणाली. " ह्यांना एकट्याला कोन नेतंय?"

दुपारी ती तशीच ट्रकात चढली. मी खालून तिची पिशवी वर दिली.

सासूबाई अजून जेवल्या नाहीत. "म्या लेप लावला नसता तर थांबली असती का गं?" एवढंच विचारतात.

त्यांना तुम्ही काय सांगितलं असतं?