कुंपणाशी दिलेलं आवतन

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. जाऊ द्या, तुम्ही हसणारच. आमची अख्खी कॉलनी अजून हसतेय, तिथं तुमचं काय घेऊन बसलो! चहा घ्या आणि ऐका, माणूस स्वतःच्या हातानं स्वतःची अब्रू कशी वेशीवर टांगतो ते.

माझा स्वभाव मुळातच संशयी. दूधवाल्यानं हसून नमस्कार केला की मी आधी दुधात बोट बुडवून बघतो. आमची मंगल म्हणते, "देव जरी समोर उभा राहिला तरी तुम्ही त्याचं आधार कार्ड मागाल." खोटं कशाला बोलू? मागेनच!

त्यात मला एक दुखणं जडलं. लातूरच्या बाजारात माझं आडतीचं दुकान. दिवसभर गादीवर बैठक. त्या बैठकीनंच घात केला. मूळव्याध! आता पाय मोडला तर लोक बघायला येतात, केळी आणतात. ह्यात कुणाला काय दाखवणार? डॉक्टरकडं जावं तर तिथला कंपाउंडर ओळखीचा. मग मी कंबर धरून चालायचो आणि कुणी विचारलं की सांगायचो, "पाठ धरलीय." स्कूटर तर निम्मी उभ्यानंच चालवायचो. मंगलला देवापुढं शपथ घातली होती, "मी मेलो तरी चालेल, पण हे कॉलनीत कळता कामा नये!"

आमच्या शेजारी पार्वतीअक्का राहतात. मूळच्या जळकोटकडच्या. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आणि आवाज दोन गल्ल्या पलीकडं जाणारा. झाडपाल्याचं औषध द्यायची त्यांच्या घरात जुनी रीत. खोकला झाला की अडुळसा, पोट दुखलं की ओवा, सांधे धरले की निर्गुडीचा शेक. कुणाकडून रुपया घेत नाहीत. आता तुम्हीच सांगा, फुकट देणाऱ्या माणसाचा संशय येणार नाही तर कुणाचा येणार?

शनिवारची संध्याकाळ होती. मी गच्चीवर टाकीत पाणी किती आहे ते बघत होतो. सहज खाली नजर गेली तर अक्का आमच्या कुंपणाच्या भिंतीशी, बाहेरच्या बाजूला, उकिडव्या बसलेल्या. समोर रानगवत माजलेलं. त्यांनी इकडं तिकडं बघितलं, हळद-कुंकू वाहिलं, तांदूळ टाकले, सुपारी ठेवली आणि हात जोडून म्हणाल्या, "उद्या दिवस उगवायच्या आत न्यायला येते बाबा. राग धरू नको. तयार राहा."

न्यायला? कुणाला? त्या भिंतीच्या आत 'बाबा' म्हणण्यासारखा मी एकटाच की हो!

धडपडत खाली आलो. मंगल भाकरी थापत होती. सगळं सांगितलं तर म्हणते कशी, "असेल काहीतरी. तुम्ही गुमान जेवा."

"अगं, आपल्या भिंतीशी हळद-कुंकू वाहिलंय!"

"वाहू द्या की. भिंतीला काय झालं?"

आणि तिनं नजर चुकवली! आजवरच्या संसारात नजर चुकवायचं काम माझ्याकडं होतं. तिनं पहिल्यांदाच चुकवली. म्हणजे ही पण सामील!

मग मी आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. बब्रुवानला बोलावलं. बब्रुवान म्हणजे समोरच्या घरातला माझा दोस्त. त्याच्या कानात एखादी गोष्ट सांगितली की वेगळा भोंगा लावावा लागत नाही.

"भाऊ, ही भानामतीच हाय," तो ऐकताक्षणी म्हणाला. "आमच्या मुरुडला आस्संच झालतं. आधी सुपारी ठिवतेत, मग माणूस वाळत जातो. तुमी वाळूनच राहिलात की! चालता बी वाकडं."

"पाठ धरलीय रे."

"धरली न्हाई भाऊ, धरवलीय! काळजी करू नका. सकाळी रंगेहाथ पकडू."

सकाळी, अजून धड उजाडलं नव्हतं तर भिंतीशी निम्मी कॉलनी हजर! कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात मोबाईल. बब्रुवानचं काम असतं चोख.

अक्का आल्या. न्हालेल्या, केस ओले, अनवाणी. कुणाकडं न बघता भिंतीशी गेल्या, एक झुडूप मुळासकट उपटलं आणि पदराखाली धरलं.

"अक्का, थांबा! काय हाय ते?" मी आडवा आलो.

अक्का गप्प.

"कुणावर केलंय?"

गप्पच. हातानं नुसतं 'हो बाजूला'.

"बगा, कशी वाचा बसली!" बब्रुवान मागून ओरडला.

मंगल दारात उभी राहून मला डोळ्यांनी खुणावत होती, मान हलवत होती. मला वाटलं, पकडली गेली म्हणून घाबरली. मला आणखीच चेव आला.

"बोलल्याबिगर जाऊ देणार न्हाई अक्का! काय हाय ते होऊन जाऊ द्या समद्यांम्होरं!"

अक्का थबकल्या. माझ्याकडं नीट बघितलं. "सांगू? समद्यांम्होरं?"

"समद्यांम्होरं!"

"अहो, राहू द्या ना!" मंगल किंचाळली.

"तू गप! मला काय लपवायचं न्हाई!"

अक्कांनी पदर बाजूला केला. "तुझ्या मूळव्याधीवर हाय रे, बाबा."

काठ्या खाली आल्या, मोबाईल वर गेले.

"ही तुझी बायको रडत आली," अक्कांचा तो दोन गल्ल्यांचा आवाज आता मोकळा सुटला होता. "म्हून काल झाडाला आवतन दिलं, उद्या न्यायला येते म्हून. आवतन न देता उपटलं तर झाड गुण देत न्हाई. उपटायला निघालं की बोलायचं नसतंय, अन् रोगाचं नाव तर चारचौघांत काढायचंच नसतंय. तू दोनी करायला लावलंस. गेला गुण!"

साधा आघाडा होता हो! गणपतीला पत्रीत वाहतो तोच. अक्का त्याचं बी वाटून तांदळाच्या धुवणात देतात म्हणे.

"आत्ता कळलं!" बब्रुवानला केवढा आनंद झाला. "म्हून भाऊ गाडी उभ्यानं चालवून राहिलते!"

मग काय विचारता! एक म्हणाला सुरण खा. दुसरा म्हणाला ताक प्या. तिसऱ्यानं मला बाजूला घेऊन अशा बारकाव्यानिशी उपाय सांगितले की मी त्याच्याकडं बघतच राहिलो. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, आमच्या कॉलनीत बऱ्याच जणांची पाठ धरलेली आहे.

अक्कांचे पाय धरले. त्या म्हणाल्या, "ज्यानं मोडलं त्यानंच आता आवतन द्यायचं. येत्या शनिवारी."

शनिवारी दिवस मावळताना मी त्याच भिंतीशी, दुसऱ्या एका आघाड्यापुढं, दात आवळत उकिडवा बसलो. हळद-कुंकू वाहिलं, सुपारी ठेवली, हात जोडले. "उद्या न्यायला येतो बाबा. राग धरू नको."

आणि वर बघतो तर समोरच्या माडीवर नव्यानं राहायला आलेल्या ताई! खिडकीचा पडदा धरून, डोळे फाडून माझ्याकडं बघताहेत. ती नजर मी ओळखली. मागच्या शनिवारी गच्चीवरून मी असाच बघत होतो! त्यांनी हळूच फोन कानाला लावला.

उद्या पुन्हा सगळी कॉलनी, काठ्या, मोबाईल! ताडकन उठलो आणि जिवाच्या आकांतानं ओरडलो, "ताई, भानामती न्हाई हो! मूळव्याध हाय, मूळव्याध!"

भिंतीपलीकडून अक्कांचा आवाज आला, "नाव काढलंस? आता पुढच्या शनिवारी ये."