विहिरीवरचं इंजिन

बँकेत माझ्याकडे सौर पंपांच्या कर्जाचं काम होतं. पैसा परदेशातल्या एका हवामान निधीतून यायचा. ज्यांना बँक एरवी दारात उभं करत नाही, त्यांच्यापर्यंत तो पोचावा अशी अट होती. संग्रामपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, भूमिहीन बायकांच्या एका गटानं मक्त्यानं शेत घेऊन भाजीपाला लावला होता. त्यांचं कर्ज मी मंजूर करून घेतलं.

गटाची अध्यक्ष विधवा होती. तिचा नवरा त्याच शेतातल्या विहिरीवर डिझेल इंजिन चालवायचा. तो गेला आणि इंजिन गंजत पडलं. सौर पॅनल बसले त्या दिवशी ते भंगारवाल्याच्या टेम्पोत चढताना मी स्वतः पाहिलं.

उन्हाळ्यात मी पाहणीला गेले. भर दुपार होती. वांगी, भेंडी हिरवीगार होती आणि पंप गुपचूप पाणी ओढत होता. आम्ही लिंबाखाली बसून बोलत होतो, तेवढ्यात विहिरीकडून आवाज यायला लागला. धक्, धक्, धक्. डिझेल इंजिनचा.

बायकांपैकी कुणी कुणाकडे बघेना.

"शेजारच्या शेतात इंजिन आहे का?" मी विचारलं.

"नाई मॅडम. समद्यायच्या लाइटीच्या मोटारी हायेत," एक जण खाली बघत म्हणाली.

अध्यक्षबाई मात्र कान देऊन ऐकत होती. "मधीच एक ठोका चुकते, आयका. त्यायच्याच इंजिनचा हाये."

ठोका खरंच चुकत होता.

ती उठून चालायला लागली. मी तिच्या मागे गेले, कारण तिथं एकटं बसणं मला जमलं नसतं. विहिरीलगतच्या इंजिनच्या खोलीला बाहेरून कडी होती. तिनं ती काढली आणि आवाज तुटला. आत रिकामा ओटा, तेलाचे काळे डाग आणि कोळ्याची जाळी. पण डिझेलचा वास इतका ताजा होता की मी पदर नाकाला लावला.

तेवढ्यात विहिरीतून गुळगुळ ऐकू आली. वाकून पाहिलं, तर तळाशी नुसता गाळ होता आणि पंप हवा ओढत होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर तो जळालाच असता. तिनं धावत जाऊन बटण बंद केलं.

"ते दुपारी इंजिन बंदच ठेवत," ती धापा टाकत म्हणाली. "इहिरीले पानी भरू द्या लागते म्हनत. आमी ऊन हाये तवर ओढतच राह्यलो. फुकटचं पानी ना."

डिझेल महाग, म्हणून पूर्वी पाणी जपून उपसलं जायचं. उन्हाला खर्च नाही, हे आम्ही सगळ्यांना मोठ्या अभिमानानं सांगत होतो. त्या खर्चानंच विहीर राखली होती, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पुढच्या प्रत्येक कर्जात मी दुपारी पंप बंद ठेवायची अट घातली. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा भूजलाचं सांगितलं. तेही खोटं नव्हतं.

गटाचं शेत टिकलं. आता त्यांनी शेजारचा तुकडाही घेतलाय. पंप बंद करायचा राहिला की आवाज येतो, असं बायका सांगतात.

मी एकदा अध्यक्षबाईला विचारलं, "भीती नाही वाटत?"

ती भेंडी तोडत राहिली. "कायची भीती? जिते होते तवा एवढं बोलत नोयते."